उजेड नसल्याचा स्पष्ट फोटो

आमच्या तळघरात उजेड नाही, अशी तक्रार मी केली. त्यावर उत्तर आलं की फोटो अस्पष्ट आहे, कृपया स्पष्ट फोटोसह पुन्हा तक्रार करावी.

मी ते उत्तर ताईंना वाचून दाखवलं, मग शेजारच्या मशीनवरच्या मावशींना. मावशी म्हणाल्या, "नीट वाच गं, थट्टा नको करूस." मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी तो आधी जवळ नेला, मग लांब धरला, मग ट्यूबच्या दिशेने तिरका केला आणि म्हणाल्या, "राहू दे. मला या उजेडात वाचता येत नाही."

आमची लॉन्ड्री मोठी आहे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल गाड्या भरभरून येतात, धुऊन निघतात, इस्त्री होऊन परत जातात. त्यातलं जे फाटकं असतं ते बाजूला काढून खाली तळघरात आमच्याकडे ढकललं जातं. आम्ही रफूवाल्या. पांढऱ्या चादरीवर पांढऱ्या दोऱ्याने असं शिवायचं, की शिवलंय कुठे ते झोपणाऱ्याला कळता कामा नये. पूर्वी ओळीने ट्यूब होत्या. मग विजेची बचत करायची ठरली आणि आमच्या डोक्यावरच्या ट्यूब उतरल्या. एक ठेवली, तीही दाराशी, येणाऱ्याजाणाऱ्याने ठेचकाळू नये म्हणून. भिंतीच्या वरच्या अंगाला झरोके आहेत, पण बाहेरून त्यांना टेकून साबणाची पिंपं रचलीत. मशीनवरचे छोटे बल्ब कधीचे गेले. नवे मागितले की, "पुढच्या खरेदीत बघू."

मग आम्ही काय करतो? बोटांनी बघतो. चादर मशीनवर घ्यायची, डाव्या हाताची बोटं पुढे सरकवत फाटीचं टोक शोधायचं आणि मागून सुई आणायची. नवीन आलेल्या बाईला आम्ही हेच शिकवतो. डोळ्यांवर जाऊ नकोस, बोटांवर जा. हे ऐकून कोणाला कौतुक वाटेल. मला आता त्याचा संताप येतो. डोळे धड असलेल्या बायकांनी आंधळ्यांसारखं काम करायचं आणि वर त्याला कसब म्हणायचं!

त्या सोमवारी ताईंच्या बोटांना टोक सापडलं, पण सुई आधी पोचली. नखातून आरपार. ओरडल्यासुद्धा नाहीत. फक्त म्हणाल्या, "अगं, चादरीला रक्त लागलं का बघ." मी बघितलं, तर मला रक्तही धड दिसेना. तेव्हा मला रडू फुटलं आणि रागही तेव्हाच आला.

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. आमच्याकडेच असतात. मला या कामावर त्यांनीच आणलं. घरात माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, पण माझी शिवण वाकडी गेली की मुकाट्याने उसवून माझ्यासमोर ठेवायच्या. माझ्या तोंडामुळे मला मिरची म्हणतात आणि वेळ पडली की माझ्याच तोंडाचा आधार घेतात. स्वतः मात्र भांडायच्या नाहीत. निदान तोवर तरी नाही.

बोटाला पट्टी बांधून परत आल्या, तर वरून निकाल तयार. निकाल देणारे सुरक्षा विभागाचे साहेब. त्यांना आम्ही सूचनासाहेब म्हणतो, कारण अख्ख्या लॉन्ड्रीत त्यांनी सूचना डकवून घेतल्यात. आमच्या तळघरातसुद्धा एक आहे. ती कशाबद्दल आहे ते आम्हाला माहीत नाही, कारण ती अंधाऱ्या भिंतीवर आहे. तर साहेबांनी ठरवलं होतं की अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला. शुक्रवारी दुपारी बैठक, तिथे त्यावर शिक्कामोर्तब. तोवर ताईंनी मशीनला हात लावायचा नाही, कोपऱ्यात बसून टॉवेलांच्या घड्या घालायच्या. बैठकीनंतर घरी.

मी थेट वर गेले. साहेबांची खोली खिडकीजवळ आहे. ऊन एवढं येतं की पडदा ओढून बसतात, आणि पडदा ओढल्यामुळे दिवा लावून बसतात.

"साहेब, खाली काही दिसत नाही हो. दिसत नाही म्हणून बोटाने चाचपावं लागतं."

"बोट सुईखाली न्यायचंच कशाला?" साहेब म्हणाले. "तसं न करण्याची सूचना लावलेली आहे खाली."

म्हणजे ती सूचना त्याबद्दल होती.

"तुम्ही एकदा खाली येऊन बघा ना."

"प्रत्येक तक्रारीसाठी मी खाली उतरत बसलो तर काम कधी करू? तक्रारीचं ॲप दिलंय तुम्हाला. फोटो काढा, टाका. फोटो असेल तर तक्रार, नाहीतर नुसत्या गप्पा."

मी खाली आले, फोन काढला, दाराकडून तळघराचा फोटो काढला आणि टाकला. त्याचंच ते उत्तर आलं होतं. फोटो अस्पष्ट.

खोटं कशाला बोलू, फोटो अस्पष्टच होता. माझा फोन म्हणजे नवऱ्याने वापरून टाकून दिलेला, काचेला तडा गेलेला. फोटोत मशीनच्या जागी करडे गोळे आणि मावशींच्या जागी एक धुराचा लोट. मी परत काढला. परत काढला. श्वास रोखला, फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला, तरी तेच. फ्लॅश टाकून बघितला, तर समोरची चादर भगभगीत पांढरी आणि मागे काळाकुट्ट अंधार. तो टाकला, तर उत्तर आलं की फ्लॅशमुळे मूळ उजेडाचा अंदाज येत नाही.

मी पुन्हा वर गेले. "साहेब, फोटोत काही दिसत नाही हीच तर आमची तक्रार आहे!"

साहेब समजूत घातल्यासारखं हसले. "बाई, फोटो हललाय. हललेल्या फोटोवरून मी उजेड ठरवू का? उद्या कोणीही फोन हलवून फोटो काढेल आणि म्हणेल अंधार आहे. जरा चांगला फोन घ्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईला बल्ब मागून मिळत नाही, तिने अंधार दाखवण्यासाठी नवा फोन घ्यायचा! मी काहीतरी बोलणार होते आणि ते फार वाईट असणार होतं, पण ताईंचा विचार करून दात आवळले. घरी मात्र आवळले नाहीत. नवरा बिचारा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "माझ्यावर का ओरडतेस? मी काय केलं?"

"फोन दिलास ना हा!"

ताई टेबलाशी बसून पट्टी बदलत होत्या. हळूच म्हणाल्या, "घरी बसवलं तर बसेन मी, मिरचे. वय झालंच आहे. पण निष्काळजी म्हणून घरी बसायचं? एवढी वर्षं मी..." त्यांनी पट्टीचं टोक दातात धरून ओढलं. मला त्यांचा चेहरा बघवेना. नोकरी गेली असती तर आम्ही कसंही निभावलं असतं. पण तो एक शब्द त्यांना आयुष्यभर पुरला असता.

म्हणून मी ठरवलं, याच फोनने स्पष्ट फोटो काढून साहेबांच्या टेबलावर आपटायचा. नवा फोन गेला खड्ड्यात.

दुसऱ्या दिवशी आमची साप्ताहिक सुट्टी होती. आम्ही न्हाणीघराचं दार लावून घेतलं, तळघरासारखा अंधार व्हावा म्हणून झरोक्यावर टॉवेल अडकवला आणि स्टुलावर आमचं दुकान मांडलं. ताई एका बाजूला पाटावर बसल्या, मी दुसऱ्या बाजूला. आधी तर लक्षात आलं की फोनच्या मागची काच पुसलेलीच नाही. कामाचे, स्वयंपाकाचे हात लागून तिच्यावर एक थर बसला होता. रुमालाने पुसल्यावर निम्मं धुकं तिथेच गेलं. मी कपाळाला हात लावला.

मग फोन हातात धरायचाच नाही असं ठरलं. दोन डब्यांच्या मधे उभा केला तर घसरला. तांदळाच्या छोट्या पिशवीत रुतवला तर छान बसला. तरी फोटो हललेला, कारण बटण दाबताना माझं बोट लागत होतं. ताई म्हणाल्या, "ते आपोआप निघणारं नाही का काहीतरी? लग्नात सगळे पळत येऊन उभे राहतात ते?" तसं होतं. टायमर लावला, हात मागे घेतला. जवळून दिसावं म्हणून मी आधी बोटांनी चित्र मोठं करत होते. त्याने सगळं रवाळ होत होतं. तेही सोडलं आणि फोनच पुढे सरकवला. कॅमेऱ्यात एका कोपऱ्यात चंद्राचं चिन्ह सापडलं. ते दाबलं की फोन म्हणतो, थोडा वेळ स्थिर धरा. तो बराच वेळ बघत राहतो आणि जेवढा उजेड मिळेल तेवढा गोळा करतो.

"कंजूष माणूस नाणी गोळा करतो तसा," मी म्हणाले.

"गप बस, हलेल," ताई म्हणाल्या. मी कितीतरी दिवसांनी त्यांना हसताना ऐकलं.

बाहेरून नवरा दार ठोकत होता. त्याला अंघोळ करायची होती. आम्ही त्याला ताटकळत ठेवलं. शेवटी फोटो आला. बादलीची कडी, नळाची गळती, ताईंच्या बोटावरची पट्टी, सगळं स्वच्छ. मला एवढा आनंद झाला की मी ताईंना मिठी मारली आणि पाटावरून दोघी घसरलो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तळघरात बेत पार पाडला. साहेबांना नुसतं मशीन नको, काम करताना माणूस दिसायला हवं, म्हणून ताईंना त्यांच्या मशीनवर बसवलं. हात लावायचा नव्हता, नुसतं बसायचं. दोऱ्याच्या रिळांमधे फोन रुतवला. तरी ताईंचा चेहरा काळा येत होता. तेव्हा मावशींच्या डोक्यातून निघालं की आपल्याकडे पांढऱ्या चादरी काय कमी आहेत? दाराच्या ट्यूबसमोर आम्ही चादरी ताणून धरल्या, मावशींनी एक आणि वरून जेवायला आलेल्या इस्त्रीवालीने एक. ट्यूबचा उजेड चादरीवर आपटून ताईंच्या अंगावर आला. ताईंनी श्वास रोखला. फोनने गोळा करायचं ते गोळा केलं.

आणि काय फोटो आला म्हणता! ताई मशीनवर मान झुकवून बसलेल्या, पुढे शुभ्र चादर, मागे रांगेने मशीन, दोरान् दोरा दिसतोय. तळघर असं उजळलेलं की जणू छपरात खिडकी आहे. सगळ्या बायका फोनवर तुटून पडल्या. इस्त्रीवाली म्हणाली, "ताई, तुम्ही तर कुठल्या मोठ्या घरच्या बाई वाटताय." ताई लाजल्या. मी छाती फुगवून फोटो ॲपवर टाकला. खाली लिहिलं, "घ्या स्पष्ट फोटो."

आमच्यातल्या एकीलाही काही खटकलं नाही. एवढ्या बायका, एवढी तोंडं, पण एकीच्याही लक्षात आलं नाही की आपण हे काय पाठवतोय.

संध्याकाळी सुटता सुटता उत्तर आलं. "फोटो स्पष्ट आहे. धन्यवाद. फोटोवरून विभागात पुरेसा उजेड असल्याचे दिसते. तक्रार निकाली."

मी जिन्यातच बसले. ताई मागून आल्या, वाचलं आणि माझ्याशेजारी बसल्या. वरून उतरणाऱ्या बायका आम्हाला वळसा घालून जात होत्या. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. अंधार दाखवायचा म्हणून आम्ही अख्खं तळघर घासूनपुसून उजळवलं होतं. धूसर फोटो टाकला तर हललाय म्हणून खोटा, स्पष्ट टाकला तर उजेड आहे म्हणून आम्ही खोट्या. बायकांनी करायचं तरी काय, मला सांगा! डोळे काढून टेबलावर ठेवायचे?

मी तशीच वर धावले. साहेब निघायच्या तयारीत होते.

"साहेब, तो उजेड खोटा आहे. फोन बराच वेळ बघत राहतो ना, म्हणून तसं दिसतं. आम्ही चादरी धरल्या होत्या."

"अच्छा! म्हणजे फोटोत फेरफार केला म्हणता?"

"फेरफार नाही हो. तुम्हीच म्हणालात स्पष्ट पाहिजे."

"बाई, तुम्ही एकदा म्हणता अंधार आहे म्हणून फोटो येत नाही. मग फोटो आला की म्हणता फोटो खरा नाही. मी कशावर विश्वास ठेवू?" त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "उलट मी तर तुमचं कौतुकच केलंय. फोटो मोठ्या बाईंना पाठवला. आपल्या विभागात काम किती छान चालतं ते दिसलं त्यांना."

आपल्या विभागात! जिथे त्यांचे बूट कधी टेकले नव्हते.

मोठ्या बाई म्हणजे मालकीणबाई. त्या वरच्या मजल्यावर बसतात आणि बहुतेक वेळ गिऱ्हाइकांकडे फिरतीवर असतात. त्यांना तो फोटो आवडला. इतका आवडला, की गिऱ्हाइकांना वाटायच्या नव्या कॅलेंडरवर हाच लावायचा असं त्यांनी ठरवलं. पण आमच्या फोनचा फोटो छापायला लहान पडत होता. म्हणून त्यांनी फोटोग्राफर बोलावला. निरोप आला की शुक्रवारी सकाळी तस्साच फोटो पुन्हा काढायचा आहे, तीच बाई, तेच मशीन, तोच मऊ उजेड.

म्हणजे सकाळी ताईंनी कंपनीच्या कॅलेंडरसाठी मशीनवर बसायचं आणि दुपारी त्याच ताईंना निष्काळजी म्हणून त्या मशीनवरून उठवायचं. निरोप आणणाऱ्या शिपायाला मी असं काही बोलले की तो बिचारा अर्धा जिना उलटाच चढला.

"मी नाही बसणार," ताई रात्री जेवताना म्हणाल्या. मग पान उचललं. हात धुताना म्हणाल्या, "नाही, बसते."

"कशाला बसताय? लाज वाटायला हवी त्यांना."

"वाटत नाही ना पण. बघू." एवढंच. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं नाही. मला वाटलं, थकल्या. मोठ्या माणसांना नाही म्हणायची सवय नसली की माणूस शेवटी हो म्हणतो. त्या विचाराने मी रात्रभर धुमसत होते.

शुक्रवारी सकाळी जिन्यावर कधी नव्हे ते बुटांचे आवाज आले. पुढे सूचनासाहेब, मागे मोठ्या बाई, त्यांच्यामागे खांद्यावर कॅमेऱ्याचं तिकाटणं घेतलेला फोटोग्राफर. साहेबांनी दार उघडलं. मोठ्या बाई आत आल्या आणि दाराशीच थबकल्या. बाहेरच्या उन्हातून आल्या होत्या. चष्मा वर केला, खाली केला.

"अहो, आधी दिवे लावा," त्या म्हणाल्या. "म्हणजे काही बघता येईल."

कोणी जागचं हललं नाही. साहेब भिंतीवर हात फिरवून बटण शोधत असल्यासारखं करत राहिले.

"लावलेलाच आहे," ताई म्हणाल्या.

मावशी खोकल्या. ते हसू होतं हे आम्हाला माहीत होतं.

मोठ्या बाईंनी वर बघितलं, दाराच्या ट्यूबकडे. मग पुढे पाऊल टाकलं आणि टॉवेलांच्या गाठोड्याला अडखळल्या. साहेबांनी त्यांना धरलं. "जरा वायरिंगचं काम बाकी आहे, म्हणून," साहेब घाईघाईने म्हणाले. कुठलं वायरिंग आणि कसलं काम! मी तोंड उघडणार तोच ताईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला आणि मशीनवर जाऊन बसल्या.

फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून बघितलं आणि मान हलवली. "इथे उजेडच नाही. मोठा फ्लॅश टाकू का?"

"फ्लॅश नको," मोठ्या बाई म्हणाल्या. "चादरी भगभगतात. मला त्या फोटोतल्यासारखाच मऊ उजेड हवाय."

"मग कॅमेरा तिकाटण्यावर लावून बराच वेळ उघडा ठेवावा लागेल," तो म्हणाला. "मॅडम, तुम्ही अजिबात हलायचं नाही हं. थोडं जरी हललात तरी चेहरा पुसला जाईल." मॅडम म्हणजे ताई. ताईंना जन्मात कोणी मॅडम म्हटलं नव्हतं.

आम्ही चादरी धरल्या. रागाने मी चादरीला हिसके देत होते, पण चादर हलली तरी चालते, माणूस हलून चालत नाही. ताईंनी मान झुकवली. कॅमेरा टिकटिकला. आणि नेमकं तेव्हा ताईंनी मान वर केली, खांदा खाजवला आणि परत मान खाली घातली.

"अरे, हललात की! परत घेऊ."

परत मान खाली. परत टिकटिक. या वेळी ताईंना शिंक आली. ताईंची शिंक मी एवढी वर्षं ऐकतेय, ही त्यांची नव्हती.

तिसऱ्या वेळी त्या शांतपणे मागे वळून मावशींकडे बघून हसल्या. फोटोग्राफरने मोठ्या बाईंना फोटो दाखवला. चादर लख्ख, मशीन लख्ख आणि ताईंच्या जागी एक वाफेचा ढग.

मला तेव्हा समजलं, त्या मुद्दाम हलत होत्या. माझे डोळे भरून आले. चादर धरलेली होती म्हणून बरं, कोणाला दिसलं नाही.

"तुम्हाला काही त्रास होतोय का?" मोठ्या बाईंनी ताईंना विचारलं. आवाज चांगला होता त्यांचा, ते मी कबूल करते. "एवढं हलू नका ना. थोडाच वेळ बसायचंय."

"नाही जमत हो," ताई म्हणाल्या. "निष्काळजी बाई आहे मी."

"म्हणजे?"

"साहेबांनी तसं ठरवलंय. दुपारी बैठक आहे माझी. त्यात पक्कं होणार. मग निष्काळजी बाई कशी काय नीट बसेल? हलणारच."

साहेब म्हणाले, "तो वेगळा विषय आहे, आपण नंतर..."

ताईंनी पट्टी बांधलेलं बोट वर केलं. ते त्या उजेडात मोठ्या बाईंना दिसेना. त्या जवळ आल्या, आणखी जवळ आल्या, शेवटी मशीनवर वाकून त्यांनी ते बोट स्वतःच्या हातात घेतलं, तेव्हा दिसलं.

"सुई गेली. फाट कुठे आहे ते दिसत नाही, म्हणून आम्ही चाचपतो," ताई म्हणाल्या. "तुम्ही आत्ता गाठोड्याला अडखळलात ना, तसंच. तुम्हाला कोणी निष्काळजी म्हटलं नाही."

मोठ्या बाईंनी बोट सोडलं, साहेबांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मला सांगितलं होतंत की इथे पुरेसा उजेड आहे."

"फोटोत तसं..." साहेब म्हणाले आणि थांबले. फोटो समोरच निघत होता.

"दिवे येतील," मोठ्या बाई ताईंना म्हणाल्या. "मी आजच सांगते. आता बसाल ना नीट?"

त्यांच्या जागी मी असते तर हो म्हणून मोकळी झाले असते. दिवे मिळाले, आणखी काय हवं? माझी तर चादर खाली घेऊन टाळ्या वाजवायची तयारी झाली होती. पण ताईंनी मान हलवली.

"दिवे लावाल ते बरं होईल. या सगळ्या बायकांचे डोळे वाचतील. पण ते माझं नाही झालं. तो शब्द साहेबांनी वापरला. तो त्यांनीच मागे घ्यायचा. इथे, सगळ्यांसमोर. आणि दुपारची बैठक मग घ्यायची नाही."

फोटोग्राफर कॅमेऱ्याला चिकटून उभा होता, त्याने डोळासुद्धा काढला नाही. मोठ्या बाई साहेबांकडे बघत राहिल्या. साहेबांनी टाय सैल केला, मग घट्ट केला.

"चूक बाईंची नव्हती," ते म्हणाले. "उजेड कमी होता."

"मावशींना ऐकू आलं नाही," ताई म्हणाल्या.

"नाही आलं हो!" मावशी चादरीमागून ओरडल्या.

साहेबांनी घसा साफ केला. त्या अंधारात मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. "चूक बाईंची नव्हती," ते मोठ्याने म्हणाले, एवढ्या मोठ्याने की जिन्यात उभा असलेला शिपाई आत डोकावला. "इथे उजेड नव्हता. बैठक होणार नाही. त्या निष्काळजी नाहीत."

ताईंनी चादर सारखी केली. जखमी बोट त्यांनी चादरीखाली लपवलं नाही, उलट पट्टीसकट वर ठेवलं, अगदी सुईजवळ.

"हं, आता काढा," त्या फोटोग्राफरला म्हणाल्या.

आम्ही चादरी ताणून धरल्या. कॅमेरा उघडला. आणि तो बंद होईपर्यंत ताईंची पापणीसुद्धा लवली नाही.